वाटीतलं पाणी आणि माझी लाल गाडी

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण एस.टी.च्या अगदी शेवटच्या बाकावर बसले आहेत? हात वर करा पाहू! मला माहीत आहे, सगळ्यांचेच हात वर गेले असणार. खड्डा आला की पुढचे लोक नुसते हलतात, आणि मागचे मात्र छताला डोकं आपटून येतात. कारण तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो. सी-सॉच्या टोकावर बसलेल्या मुलासारखी आपली गत होते.

आज मी तुम्हांला अशाच धक्क्यांची गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या गाडीची आहे. पण तिच्यात माझी एक चूक आहे, एक मोडलेला पाय आहे आणि एक वाटीभर पाणीही आहे.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. वालचंद कॉलेज आहे ना, त्याच भागात. माझी शाळा मात्र मिरज तालुक्याच्या पूर्व भागात, घरापासून चोवीस किलोमीटरवर. रोज सकाळी वानलेसवाडीवरून मिरज गाठायचं, ते ओलांडून पंढरपूर रस्त्याला लागायचं आणि मग आत वळायचं. मोठा रस्ता छान आहे. पण आत वळलं की आमची खरी परीक्षा सुरू! तिथली जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता मग सपाट कसा राहणार? तो लाटांसारखा वरखाली होतो. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याला आणखी दाबून काढतात.

याच रस्त्यावर मी २०२१ पासून एक लाल स्विफ्ट चालवते. २०१३ सालची, जुनी घेतलेली. गाडी छोटी, पण भारी चपळ! वळणावर स्टिअरिंग जरा फिरवलं की शहाण्या घोड्यासारखी वळते. बाईंना गाडी पळवायची आवड आहे, हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या मुलांनाही ठाऊक आहे. (पळवायची म्हणजे वेगमर्यादेच्या आत, बरं का!)

गाडीनं लाखभर किलोमीटर पार केले आणि ती थोडी सैल वाटू लागली. वळणावर कलायची, उंचवट्यावरून उतरली की दोन-तीनदा वरखाली झुलायची. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मावशी, तू तिला लोअर कर! आखूड, कडक स्प्रिंग टाकू. चार सेंटीमीटर खाली बसेल. काय दिसेल माहितीये!”

आईचं म्हणणं अगदी उलट. तिची कंबर दुखते. ती म्हणाली, “अगं, काही करू नकोस. कशी पाळण्यासारखी झुलते! हल्लीच तर मला तुझ्या गाडीत बरं वाटायला लागलंय.”

मला कोणाचं पटलं असेल? भाच्याचं! मी दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकू लागले. मोबाइलवर खाली बसलेल्या लाल गाडीचे फोटो पाहायचे आणि मनातल्या मनात खूश व्हायचे. तुम्ही नव्या बुटांचे स्वप्न पाहता ना, तसंच.

आणि मग ऑगस्टमधला तो दिवस आला.

मधल्या सुट्टीत तिसरीतला एक मुलगा पारावरून पडला. त्याला मी इथे बाळू म्हणते. पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. मी फळ्यावरच्या दोन लाकडी पट्ट्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि ओढणीनं अलगद बांधल्या. वडील शेतातून धावत आले. गावात तेव्हा दुसरं वाहन नव्हतं. आम्ही बाळूला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं वडिलांच्या मांडीवर, आणि सोबतीला आमच्या दुसऱ्या बाई. निघालो मिरजेला. आजारी माणसानं मिरज गाठायचं, ही आमच्या भागाची जुनीच रीत आहे.

शाळेसमोरच गतिरोधक आहे. मी अगदी मुंगीच्या पावलानं चढवला. तरीही खालून ‘खर्रर्र’ आवाज आला. गाडीचं पोट घासलं होतं. मागे बाळूनं श्वास आत ओढला.

त्यानंतरचे सहा किलोमीटर मी कधीच विसरणार नाही. प्रत्येक लाटेवर गाडी एकदा नाही, तीनदा हलायची. पहिल्या हिसक्याला बाळू ओरडायचा, आणि उरलेले दोन हिसके तो ओठ दाबून सोसायचा. हळू गेलं तर प्रवास लांबतो, जोरात गेलं तर धक्के वाढतात. कालव्याजवळ एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला, आणि ओल्या, उंचसखल रस्त्यावर गाडी थांबायच्या ऐवजी टुणकन उडत थोडी पुढेच गेली. कुत्रं वाचलं. पण माझे हात थरथरत होते.

डॉक्टरांनी पाय नीट बसवला, प्लास्टर घातलं. परतताना बाळूचे वडील म्हणाले, “बाई, तुमची गाडी होती म्हणून झालं.” ते मनापासून बोलले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही गाडी मी आणखी कडक आणि आणखी खाली करायला निघाले होते!

दुसऱ्या रविवारी मी मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला, गाडी खाली दाबली आणि सोडली. ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

“बाई, ह्यो शॉकअप मेलाय की! एकदा वर येऊन गप बसायला पायजे.”

म्हणजे आईला जो पाळणा वाटत होता, तो आजार होता!

आता जरा समजून घेऊ. गाडीत दोन भिडू जोडीनं काम करतात. एक स्प्रिंग, दुसरा शॉकअप. चाकाला धक्का बसला की स्प्रिंग दबते आणि तो धक्का पोटात घेते. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं स्प्रिंगचा नियम शोधला: जेवढा भार, तेवढा ताण. दुप्पट भार दिला तर दुप्पट ताणते. गंमत अशी, की १६७६ साली त्यानं हा नियम अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखा छापला! कोणी चोरू नये म्हणून. कोड्याचं उत्तर त्यानं १६७८ मध्ये सांगितलं.

पण स्प्रिंगला एक खोड आहे. तिनं घेतलेला धक्का ती परत देते. दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. तिला आवरायला शॉकअप लागतो. तो म्हणजे तेलानं भरलेली नळी. आत एक दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक वाटा. गाडी वरखाली होते तेव्हा तेलाला त्या बारीक वाटांतून जावं लागतं. त्या ओढाताणीत हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते आणि उसळी थांबते.

हे तुम्हांला घरी करून पाहता येईल. सुई नसलेली सिरिंज घ्या. एकदा पाणी भरून दट्ट्या दाबा. मग खोबरेल तेल भरून दाबा. तेलाला जास्त जोर लागतो ना? आता तो दट्ट्या हळू दाबा आणि मग जोरात दाबा. जितक्या घाईनं दाबाल तितका तो अडेल. शॉकअपही असाच आहे. सावकाश माणसाला वाट देतो, घाई करणाऱ्याला अडवतो.

शॉकअपमधलं तेल गळलं किंवा आतले भाग झिजले की स्प्रिंगला आवरणारं कोणी राहत नाही. मग गाडी झुलते. झुलताना टायर रस्त्यावरचा दाब सैल करतो, कधी कधी तर उचललाही जातो. आणि मुलांनो, ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी थांबवतो तो रस्त्याला टेकलेला टायर! हवेतलं चाक काय थांबवणार? कालव्याजवळ माझी गाडी का उडत गेली, ते आता कळलं ना?

मग भाच्याचं काय चुकलं? भाचा हुशार आहे, त्याला मी नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसवणार नव्हते. मी म्हटलं, “आपण मोजू.”

माझ्याच वर्गातून आम्ही सुरुवात केली. सकाळी रस्ता मोकळा असताना, दोन्ही टोकांना एकेक शिक्षक उभे करून, पाचवीच्या मुलांनी शाळेसमोरचा गतिरोधक मोजला. (मोठ्यांशिवाय तुम्ही हे अजिबात करू नका हं!) उंची निघाली १४ सेंटीमीटर, आणि रुंदी जेमतेम एक मीटर. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था आपल्या देशात रस्त्यांचे मापदंड ठरवते. तिच्या मापदंडाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगानं तो आरामात ओलांडता येतो. आमचा गतिरोधक कसला, ती तर छोटी भिंतच!

आता गणित करा. माझी गाडी रिकामी असताना तिचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच असतं. गतिरोधक १४० मिलिमीटर. मध्ये उरले ३० मिलिमीटर, म्हणजे दोन बोटं. चौघं-पाच जण बसले की गाडी आणखी खाली बसते. म्हणून तर त्या दिवशी ‘खर्रर्र’ झालं. आणि भाच्याच्या बेताप्रमाणे ४० मिलिमीटर खाली केली असती तर? १७० वजा ४० म्हणजे १३०. गतिरोधक १४०! रिकामी गाडीसुद्धा शाळेच्या दारातच अडकली असती. भाच्यानं हा हिशेब वहीत स्वतः मांडला आणि डोकं खाजवलं.

पण तो लगेच म्हणाला, “बरं, खाली नको. पण कडक केली तर वळणावर मस्त चालेल की नाही?”

प्रश्न बरोबर होता. त्याच्या मित्राची अशीच एक गाडी होती, आखूड आणि कडक स्प्रिंगची. आम्ही तिच्यातून मोठ्या रस्त्यावर चक्कर मारली. खोटं कशाला बोलू? मला मजा आली! वळणावर गाडी कलतच नव्हती. जणू रुळांवरून चालली आहे. गुळगुळीत रस्त्यावर त्या गाडीला तोड नाही.

मग आम्ही तिला आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर आणलं आणि वाटीची परीक्षा घेतली. परीक्षा सोपी. मागच्या बाजूला खाली रबरी चटई, तिच्यावर ताट, ताटात वाटी. वाटीत काठोकाठ १०० मिलिलिटर पाणी. तोच एक किलोमीटरचा रस्ता, ताशी ३० किलोमीटर वेग. ताटात सांडलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजायचं. प्रत्येक गाडीची तीनदा परीक्षा, आणि सरासरी काढायची.

माझ्या झिजलेल्या शॉकअपच्या गाडीत सांडलं ४६ मिलिलिटर. मित्राच्या कडक गाडीत ५८!

असं का? साधी मोटार खड्ड्यावरून गेली की तिचं अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होतं. आपण आरामात चालतो त्याहूनही संथ. शरीराला हे सोसतं. कडक स्प्रिंग जलद हलते आणि रस्त्याचे बारीक हिसके आत पाठवते. माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ या गतीनं बसणारे उभे हिसके सगळ्यांत जास्त त्रास देतात, असं शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. आईची कंबर आणि बाळूचा पाय यांना हे मोजायची गरज नव्हती!

कडक गाडीचा आणखी एक तोटा. खडबडीत रस्त्यावर तिचं चाक खड्ड्यात पटकन उतरत नाही, उंचवट्यावरून उडतं. पुन्हा तेच, टायर रस्ता सोडतो. म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर जी गाडी चिकटून चालते, तीच आमच्या रस्त्यावर निसटू शकते. गाडी चांगली की वाईट, हे रस्ता विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

गॅरेजमध्ये बसलेल्या एका गृहस्थांनी आणखी स्वस्त उपाय सुचवला होता. “मॅडम, आहे तीच स्प्रिंग दीड वेटोळं कापून टाका. फुकटात काम!” मिस्त्रीकाकांनी कानाला हात लावले. का ते रबरबँडवर पाहा. रबरबँड कापून त्याची सरळ दोरी करा. एका टोकाला गोट्यांची पिशवी बांधा आणि किती ताणते ते मोजा. मग तेच रबर निम्म्या लांबीचं करून तीच पिशवी लटकवा. ताण जवळजवळ निम्माच होईल. म्हणजे तुकडा लहान केला की तो कडक होतो! वर कापलेल्या स्प्रिंगचं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. चाक खोल खड्ड्यात लोंबकळलं तर ती जागेवरून सटकूही शकते. चालत्या गाडीत असं झालं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही आहे. कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या गोष्टी बदलतील असे फेरफार आपल्या मनानं करता येत नाहीत. गाडी माझी असली तरी रस्ता सगळ्यांचा असतो ना!

मग मी काय केलं? ऐका.

आधी टायर. दाराजवळच्या खांबावर हवेचा दाब लिहिलेला असतो. मी किती तरी दिवस त्याहून जास्त हवा भरत होते, गाडी हलकी पळते म्हणून! टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे, हे मी विसरले होते. ही दुरुस्ती फुकटात झाली.

मग रबरी बुश. चाकांना धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत रबर असतं, आपल्या गुडघ्यातल्या कूर्चेसारखं. माझ्या गाडीतलं फाटलं होतं. वळणावरचा सैलपणा बराचसा त्यातूनच येत होता.

मग शॉकअप. पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक बसवलेले असतात. त्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरनं १९४० च्या दशकात ही रचना केली. जागा कमी लागते, म्हणून आज बहुतेक छोट्या गाड्यांत तीच असते. मी चारही शॉकअप नवे घेतले, वायू भरलेले. मूळच्याहून किंचित घट्ट, पण लांबी तीच. नेहमी जोडीनं बदलायचे, हेही लक्षात ठेवा. एक पाय नव्या चपलेत आणि एक जुन्या चपलेत घालून कोणी धावतं का?

आणि स्प्रिंग? ती तपासली. कुठे तडा नव्हता, दोन्ही बाजूंची उंची सारखी. मग कशाला बदलायची? मूळचीच ठेवली. शेवटी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, कारण हे सांधे एकदा उघडले की चाकांची दिशा थोडी हलतेच.

खर्च माझ्या निम्म्या पगाराहून थोडा जास्त झाला. लोअर करायला साठवलेल्या पैशांतून काही उरलेसुद्धा.

काम झाल्यावर आम्ही पुन्हा वाटी घेऊन निघालो. तोच रस्ता, तोच वेग. भाचा मागे बसून माप वाचत होता. पाणी सांडलं २१ मिलिलिटर! आम्ही दोघंही ओरडलो. ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे, हे मला कळतं. पुण्याच्या एआरएआय संस्थेत मोटारींच्या चाचण्या होतात. तिथले लोक माझ्या वाटीला हसतील. पण त्या वाटीनं माझं आणि भाच्याचं भांडण मिटवलं, हे काय कमी आहे?

आईला फिरवून आणलं. ती सुरुवातीला म्हणाली, “जरा टणक झाली गं.” मग वळणं आली. पूर्वी ती वळणावर दाराची कडी घट्ट धरायची. या वेळी हात मांडीवरच होते. घरी आल्यावर म्हणाली, “आज मळमळलं नाही.” तो पाळणाच तिला मळमळवत होता, आणि आम्ही दोघी त्याला सुख समजत होतो.

आणि मी? गाडी आता वळणावर आधीसारखी कलत नाही. मला हवी होती ती चपळाई मिळाली. दिसायला मात्र ती पूर्वीसारखीच साधी आहे. कधी कधी शंभर फुटी रस्त्यावर एखादी खाली बसलेली गाडी शेजारून जाते आणि माझी मान अजूनही वळते. वळू दे की! आवड काय लगेच जाते?

सहा आठवड्यांनी बाळूचं प्लास्टर काढायचं होतं. त्याच्या वडिलांना मी म्हटलं, “मीच नेते.” या वेळी तो खिडकीशी बसला होता. हातात सांगलीच्या भडंगाचा कागदी पुडा. शाळेसमोरचा गतिरोधक आला. आमच्या मुलांनी काढलेली मापं लिहून आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता, पण काम अजून व्हायचं होतं. मी हळूच गाडी चढवली. तिघंच होतो, त्यामुळे पोट घासलं नाही. पुढे लाटांचा रस्ता आला. गाडी एकदा वर गेली, खाली आली आणि गप्प बसली.

कालव्याचा पूल ओलांडल्यावर मी आरशात पाहिलं. बाळू खिडकीतून बाहेर बघत होता आणि एकेक शेंगदाणा वेचून तोंडात टाकत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “बाई, ह्यो त्योच रस्ता हाय?”

“तोच रे,” मी म्हटलं.

मुलांनो, तुमच्या घरी स्कूटर असेल, मोटार असेल किंवा नुसती सायकल असेल. सायकलला स्प्रिंग कुठे आहे ते आज शोधा. (सीटखाली पाहा!) मोठ्यांना सोबत घेऊन मोटारीचा कोपरा दाबून पाहा आणि ती किती वेळा हलते ते मोजा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलली, तर बाबांना किंवा आईला सांगा, की आमच्या मिस्त्रीकाकांनी विचारलंय, “शॉकअप जिता हाय न्हवं?”